खिशातला रणगाडा आणि नगरचा रणगाडा

तीन-चारशे रुपयांत मिळणारा तो छोटा गेम तुम्ही पाहिलाच असेल. तळहातावर मावणारा, लाल नाहीतर पिवळा, वर '४०० इन १' असं छापलेला. मोबाईल कव्हरच्या दुकानात, जत्रेत, एसटी स्टँडबाहेरच्या हातगाडीवर, कुठेही मिळतो. चालू करा, यादीत खाली खाली जा, कुठेतरी 'टँक' सापडतोच. काळी स्क्रीन, विटांच्या भिंती, तळाशी मधोमध आपला गरुड आणि वरून एकामागून एक येणारे शत्रूचे रणगाडे.

हा गेम आजचा नाही. नामको या जपानी कंपनीनं १९८० मध्ये 'टँक बटालियन' नावाचा आर्केड गेम काढला. दुकानात नाणं टाकून खेळायचं मोठं कपाट असायचं, तो जमाना. १९८५ मध्ये त्याच कंपनीनं तो सुधारून घरच्या टीव्हीवर आणला, 'बॅटल सिटी' या नावानं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे कॅसेटवाले 'व्हिडिओ गेम' आले, त्यातून तो आला. तुमच्या दादाला, काकाला विचारा. बॅटल सिटी हे नाव त्यांना आठवणार नाही, पण 'तो टँकवाला गेम' म्हटलं की चेहरा खुलेल. आज तोच गेम चार नावांनी, चार रंगांत प्ले स्टोअरवर आहे आणि त्या '४०० इन १'मध्येही.

आता यात बातमी काय? बातमी अशी की आपण अहिल्यानगर जिल्ह्यात राहतो. कागदावर नाव बदललं, बोलताना अजून 'नगर'च तोंडात येतं, पण एक गोष्ट बदललेली नाही. भारतीय सैन्याचा रणगाडा चालवायला, त्याची तोफ डागायला जिथे शिकवतात, ते आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल इथेच आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथे. लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची 'व्हीआरडीई' इथे. १९९४ मध्ये सुरू झालेलं रणगाड्यांचं म्युझियमही इथेच. देशात कुठल्याही गावच्या मुलासाठी रणगाडा म्हणजे स्क्रीनवरचं चित्र असतं. आपल्यासाठी तो शाळेच्या सहलीत हात लावून पाहिलेलं थंड लोखंड असतं.

आणि गेल्या काही वर्षांत गेम आणि युद्ध यांच्यातली भिंत इतकी पातळ झाली आहे की या विषयावर बोलायला नगरच्या पोरापोरींइतका हक्क दुसऱ्या कुणाचा नसेल.

सैन्यालाच गेम आवडला तेव्हा

गंमत बघा. १९८० मध्येच अमेरिकेत अटारी कंपनीनं 'बॅटलझोन' नावाचा आर्केड गेम आणला. एड रॉटबर्ग हा त्याचा मुख्य प्रोग्रॅमर. हिरव्या रेघांनी काढलेले डोंगर, रेघांचेच रणगाडे, आणि खेळणाऱ्यानं पेरिस्कोपसारख्या खिडकीला डोळे लावायचे. हातात दोन दांडे, डावा डाव्या पट्ट्याचा, उजवा उजव्या पट्ट्याचा. दोन्ही पुढे ढकलले की रणगाडा सरळ जाणार, एक पुढे एक मागे केला की जागच्या जागी वळणार. म्हणजे पट्ट्यावर चालणारं वाहन कसं वळतं, हे त्या गेमनं बरोबर पकडलं होतं.

अमेरिकन सैन्यातल्या काही जणांचं लक्ष त्याकडे गेलं. 'ब्रॅडली' हे चिलखती वाहन तेव्हा नवं येत होतं, त्याच्या तोफचींना शिकवायला असंच यंत्र करून द्या, असा प्रस्ताव आला. रॉटबर्गला ते पटलं नव्हतं. लष्करी काम करायचं नाही म्हणून तर आपण गेमच्या धंद्यात आलो, अशी त्याची भूमिका होती. शेवटी, यापुढे असलं काम देणार नाही या अटीवर त्यानं ते केलं. 'ब्रॅडली ट्रेनर' म्हणून ते ओळखलं जातं. त्याची फक्त दोन यंत्रं बनली. प्रकरण पुढे गेलं नाही. पण सैन्यासाठी बदल करताना काय केलं गेलं ते पाहण्यासारखं आहे. गेममध्ये मैदानभर फिरता यायचं, ट्रेनरमध्ये तुम्ही जागचे हलू शकत नव्हता. फक्त तोफ फिरवायची आणि नेम धरायचा. मजेचा भाग काढून टाकला, कामाचा ठेवला.

बॅटलझोन पुढे खिशातही आला. २००६ मध्ये सोनीच्या पीएसपी या हातातल्या कन्सोलवर त्याची नवी आवृत्ती निघाली. हिरव्या रेघा गेल्या, चकचकीत रणगाडे आले, चार मित्रांनी वायफायवर एकमेकांना उडवायची सोय झाली. 

मग युद्धच कन्सोलवर आलं

त्यानंतर उलटा प्रवास सुरू झाला. आधी गेम युद्धाची नक्कल करत होते, आता युद्ध गेमची साधनं उचलू लागलं. अमेरिकन नौदलानं व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुड्यांत, बाहेरचं दाखवणारा कॅमेऱ्याचा खांब फिरवायला चक्क एक्सबॉक्सचा कंट्रोलर बसवला. कारण साधं आहे. नव्या पोराच्या हातात तो आधीच बसलेला असतो, शिकवायला वेळ लागत नाही, आणि खास बनवलेल्या महागड्या दांड्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

युक्रेनमध्ये गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे 'स्टीम डेक' या हातात धरून खेळायच्या कन्सोलवरून दूरची मशीनगन चालवल्याची बातमी २०२३ मध्ये आली. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे एफपीव्ही ड्रोन. ड्रोनच्या नाकावर कॅमेरा, चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल, हातात रिमोट. काहीशे डॉलरचा हा ड्रोन लाखो डॉलरच्या रणगाड्याच्या डोक्यावर जाऊन आदळतो, कारण रणगाड्याचं चिलखत समोरून जाड आणि वरून पातळ असतं. म्हणून तर आता रणगाड्यांवर लोखंडी जाळ्यांचे पिंजरे दिसायला लागले.

आणि यातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग. युक्रेनच्या सरकारनं ड्रोन पथकांसाठी पॉइंट्सची पद्धत आणली. हल्ला केल्याचा व्हिडिओ पुरावा द्या, पॉइंट्स मिळवा, आणि त्या पॉइंट्सवर सरकारच्याच ऑनलाइन बाजारातून नवे ड्रोन आणि उपकरणं घ्या. यामागे व्यवहार आहे. ज्यांचं काम चांगलं त्यांच्याकडे साहित्य लवकर पोहोचावं, कागदी घोडे नाचू नयेत. स्वतःच्या देशात घुसलेल्या सैन्याशी लढणाऱ्यांना घरी बसून नावं ठेवणं सोपं आहे, ते मी करणार नाही. पण वाचताना पोटात काहीतरी हलतं की नाही? बॅटल सिटीत लेव्हल संपली की कुठल्या प्रकारचे किती रणगाडे फोडले आणि त्याचे किती पॉइंट्स, याचा तक्ता येतो. इथे तोच तक्ता आहे, फक्त आत माणसं आहेत.

भारतही यापासून दूर नाही. मे २०२५ मधल्या ऑपरेशन सिंदूरच्या चार दिवसांत दोन्ही बाजूंनी ड्रोन वापरले गेले. त्याच वर्षी कारगिल विजय दिनाला लष्करप्रमुखांनी पायदळाच्या बटालियनमध्ये ड्रोन पलटणी असतील असं सांगितलं. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या गावागावांत पहाटे पाचला उठून १६०० मीटर पळणारी जी पोरं आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या हातात उद्या रायफलइतकाच रिमोटही असेल. अग्निवीर होऊ पाहणाऱ्या मित्राला 'गेम खेळून भरती होणार का रे?' असं चिडवायचे दिवस संपत आलेत.

गेम काय शिकवतो, काय शिकवत नाही

इथे दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. घरचे म्हणतात, गोळीबाराचे गेम खेळून पोरं बिघडतात. मित्र म्हणतात, उलट रिफ्लेक्स वाढतात, करिअर होतं. माझं मत विचाराल तर दोन्ही अर्धवट आहेत. गेम खेळला म्हणून माणूस हिंसक होतो, असं सरळ नातं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. तसं असतं तर नव्वदच्या दशकात टँकवाला गेम खेळलेली अख्खी पिढी आज मारामाऱ्या करत फिरली असती. ती तर ईएमआय भरतेय. आणि नेम, वेग, स्क्रीनवरचं चटकन ओळखणं हे गेम खरंच शिकवतात. सिम्युलेटर ही कल्पनाच त्यावर उभी आहे. खऱ्या तोफेचा एकेक गोळा महाग, रणगाड्याच्या इंजिनाचा एकेक तास महाग. चुका करायच्या तर त्या आधी स्क्रीनवर केलेल्या परवडतात.

मुद्दा वेगळाच आहे. गेम जे शिकवत नाही, ते आपल्याला नाहीच असं वाटायला लागतं.

गेममधल्या रणगाड्यात कुणी बसलेलं नसतं. खऱ्या रणगाड्यात तीन किंवा चार माणसं असतात. एक चालवतो, एक तोफ डागतो, एक हुकूम देतो आणि काही रणगाड्यांत चौथा गोळा भरतो. उन्हाळ्यात आत भट्टी होते. बाहेरचं दिसतं ते फटीतून. दिवसाचा मोठा वेळ नेम धरण्यात जात नाही. पट्टे घट्ट करण्यात, तेल बघण्यात, वायरलेस तपासण्यात आणि वाट बघण्यात जातो. गेममध्ये वाट बघणं नसतं, कारण तसा गेम कुणी विकत घेणार नाही.

गेममध्ये जमीनही नसते. असते ती फक्त 'मॅप'. नगरच्या माणसाला हे जास्त कळायला हवं. के. के. रेंज, म्हणजे खारे-कर्जुने रेंज, आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथे रणगाड्यांचा सराव चालतो. राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यांतल्या आसपासच्या गावांना तोफांचे धडाके सवयीचे आहेत. पण त्याच गावांवर जमीन संपादनाची टांगती तलवारही वर्षानुवर्षं आहे. २०२० च्या सुमारास हा विषय पुन्हा पेटला, तेव्हा शेतकऱ्यांचं म्हणणं थेट दिल्लीत संरक्षणमंत्र्यांपर्यंत न्यावं लागलं. सैन्याला सरावाला जागा लागते, हे खरं. ज्याच्या विहिरीवर आणि कांद्याच्या वावरावर ती रेघ येते, त्याचं म्हणणंही खरं. हा गुंता कुठल्याही लेव्हलमध्ये नसतो. तिथे विटा फुटतात आणि पुढच्या लेव्हलला परत जागेवर असतात.

एकवीस वर्षांचा एक विद्यार्थी

आणि गेममध्ये रिस्टार्ट असतो. याबद्दल बोलायचं तर नगरचीच एक गोष्ट सांगायला हवी.

१९७१. अरुण खेत्रपाल नावाचा पुण्यात जन्मलेला मुलगा जून महिन्यात सैन्यात अधिकारी झाला. रेजिमेंट १७ पूना हॉर्स. नव्या अधिकाऱ्यांचा कोर्स करायला त्याला नगरला पाठवलं होतं. म्हणजे तो इथे शिकत होता, आपण शिकतो तसा, फक्त विषय वेगळा. डिसेंबरमध्ये युद्ध सुरू झालं आणि कोर्स अर्धवट सोडून तो रेजिमेंटकडे गेला.

१६ डिसेंबर १९७१ ला शकरगढ भागात, बसंतर नदीजवळ रणगाड्यांची मोठी लढाई झाली. खेत्रपालच्या सेंच्युरियन रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. त्या दिवशी त्यानं शत्रूचे एकामागून एक रणगाडे फोडले. त्याच्या रणगाड्याला गोळा लागला, आग लागली, वायरलेसवर 'बाहेर पड' असा हुकूम आला. तोफ अजून चालतेय, असं सांगून तो आतच राहिला. त्यानंतरच्या माऱ्यात तो गेला. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. श्रीराम राघवन यांचा 'इक्कीस' हा सिनेमा त्याच्यावरचाच, नावातच वय असलेला. युद्धानंतर दुरुस्त केलेली 'फामागुस्ता' नगरच्याच आर्मर्ड कोर केंद्रात जपून ठेवली आहे. कोर्स अर्धा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचा रणगाडा त्याच्या शाळेत परत आला, विद्यार्थी आला नाही.

ही गोष्ट वाचून छाती भरून येते, यावी. पण सोबत एक साधा हिशोबही करा. एकवीस म्हणजे टीवाय. म्हणजे तुमच्या बेंचवरचा मुलगा. आणि समोरच्या बाजूच्या रणगाड्यांतही याच वयाची पोरं होती. म्युझियममध्ये १९६५ च्या युद्धात हाती आलेले पॅटन रणगाडे उभे आहेत, त्यांच्यासमोर आपण सेल्फी काढतो. पुढच्या वेळी सेल्फी झाल्यावर जरा जवळ जाऊन झाकण बघा. एवढ्याशा भोकातून जळत्या रणगाड्याबाहेर पडायला किती वेळ लागेल, याचा अंदाज घ्या. चारशे गेमपैकी एकही गेम ते सांगणार नाही.

मे महिन्यातल्या त्या रात्री

आता शेवटचा आणि सगळ्यात आपला मुद्दा. मे २०२५ च्या त्या रात्री आठवा. कॉलेजचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, भरतीचा ग्रुप, सगळीकडे व्हिडिओंचा पूर. अंधारात आकाशात जाणाऱ्या गोळ्यांच्या रेघा, पडणारं विमान, खाली 'आत्ताचा व्हिडिओ, पटकन फॉरवर्ड करा'. त्यातले काही व्हिडिओ युद्धाचे नव्हतेच, गेममधले होते. पीआयबीच्या फॅक्ट चेकला असे व्हिडिओ खोटे असल्याचं जाहीर करावं लागलं. यात पुन्हा पुन्हा नाव येतं ते 'आर्मा ३' या गेमचं.

'आर्मा ३' बनवणाऱ्या बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या चेक कंपनीनं तर नोव्हेंबर २०२२ मध्येच निवेदन काढलं होतं, की आमच्या गेमचे व्हिडिओ खऱ्या युद्धाचे म्हणून फिरवले जात आहेत. ओळखायचं कसं, तेही त्यांनी सांगितलं. व्हिडिओ मुद्दाम खराब दर्जाचा असतो. कॅमेरा खूप हलतो. बहुतेक वेळा रात्र असते. आवाज नसतो. माणसं फारशी दिसत नाहीत, कारण गेममधल्या माणसाची चाल लगेच ओळखू येते. धूर आणि स्फोट जरा अनैसर्गिक वाटतात.

विचार करा. लहानपणापासून गेम खेळलेली आपली पिढी. स्क्रीनवरचा धूर खरा की रेंडर केलेला, हे आई-वडिलांपेक्षा आपल्याला चटकन कळायला हवं. आपण घरातले 'एक्स्पर्ट'. तरीही फॉरवर्ड करण्यात आपणही होतो. का? कारण तो व्हिडिओ आपल्याला हवा तसा होता. आपली बाजू जिंकताना दिसत होती, पॉइंट्स मिळाल्यासारखं वाटत होतं.

आणि त्याच वेळी नगरमध्ये, भिंगारमध्ये, जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत अशी घरं होती जिथला मुलगा खरंच सीमेवर होता. त्या घरातल्या आईच्या फोनवरही तोच व्हिडिओ पोहोचत होता. तिच्यासाठी पडणारं विमान ही लेव्हल नव्हती. तिला त्या रात्री झोप लागली नसेल, आणि व्हिडिओ खोटा होता हे तिच्यापर्यंत कधी पोहोचलंही नसेल. खोटं फॉरवर्ड होतं, दुरुस्ती होत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं नाही की गेम डिलीट करा. खेळा, जरूर खेळा. टँकवाला गेम आजही भारी आहे, आणि दोघांनी मिळून खेळण्यात जी मजा आहे ती एकट्याच्या रीलमध्ये नाही. फक्त नगरमध्ये राहतोय तर एकदा रविवारी म्युझियमला जा आणि फोटो काढण्याआधी पाटी वाचा. रेंजजवळच्या गावचा मित्र असेल तर त्याला धडाक्यांबद्दल आणि सातबाऱ्याबद्दल विचारा. भरतीची तयारी करणाऱ्याला त्याच्या पळण्याचा टायमिंग विचारतो, तसं एकदा त्याच्या घरच्यांना काय वाटतं तेही विचारा. आणि पुढच्या वेळी ग्रुपवर असा व्हिडिओ आला, तर बोट फॉरवर्डवर जाण्याआधी दहा सेकंद तो नीट बघा. आवाज आहे का? माणसं आहेत का? कुणी टाकला?

बॅटल सिटी खेळलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते. तळाशी बसलेला गरुड फक्त शत्रूच्या गोळीनं फुटत नाही. घाईत चुकीच्या दिशेला वळलात आणि बटण दाबलंत, तर तो आपल्याच गोळीनं फुटतो. आणि मग कितीही लाइफ शिल्लक असल्या तरी गेम ओव्हर.